व्यापारी संघटनेनं खाणींवर भूमिका घ्यावी का? आमसभेआधी सल्ला हवा

सुट्याभागवाला:

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींच्या पट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी माझं ट्रकांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहितोय ते सगळे माझे शेजारी आहेत. यंदा आमच्या व्यापारी संघटनेचं सचिवपद माझ्याकडे आलंय.

आजवर आमचा पत्रव्यवहार पालिकेपलीकडे गेलेला नाही. गटार तुंबलं, गाळ्यांचं भाडं वाढलं, चतुर्थीच्या बाजारात बाहेरचे विक्रेते आमच्या पायऱ्यांसमोर बसले, असले विषय. ते मला जमतं. पण आता काही सभासदांनी सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आणून दिलाय. एकच पान आहे. लिलाव झालेले सगळे खाणपट्टे ताबडतोब चालू करा, परवाने लवकर द्या, एवढंच त्यात लिहिलंय. खाली माझी सही हवी. हमरस्त्यावरच्या दुकानदारांना हे मान्य नाही. ते म्हणतात, ट्रक आमच्या दारावरून जाणार असतील तर आधी वेळा ठरवा, धुळीचं बघा. आणि जुनी जाणती मंडळी म्हणतात, संघटनेनं राजकारणात पडूच नये.

माझं मत लपवत नाही. मला खाणी हव्यात. पण त्या एका पानावर सही करायला हात उचलत नाही. त्याचं कारण आमच्या गल्ल्याखालच्या खणात आहे.

तिथं बाबांची उधारीची वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाणीचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो. जून ते सप्टेंबर ट्रक अंगणात उभे असतात आणि त्याच दिवसांत मालक कामं काढतात: ब्रेक लायनर, क्लच प्लेट, पाटे, बॅटरी, टायर. माल पावसाळ्यात उचलायचा आणि हंगामाच्या पहिल्या फेऱ्यांचे पैसे आले की द्यायचे. आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलं, सगळं शब्दावर. २०१२ साली १० सप्टेंबरला राज्य सरकारनं खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. म्हणजे उधारी पुरती चढली होती आणि वसुलीचा पहिला दिवस उजाडायचा होता. त्या चार महिन्यांची पानं अजून तशीच आहेत. बाबांनी एकाही नावावर फुली मारली नाही.

त्या डिसेंबरात एक ट्रकमालक दिवेलागणीला दुकानात आला. काखेत खोक्यासकट बॅटरी, न वापरलेली. ती काउंटरवर ठेवून म्हणाला, "बाकीचं कधी जमेल सांगता येत नाही, ही तेवढी परत घ्या." बाबांनी घेतली. वहीत त्याच्या नावासमोर तेवढी रक्कम वजा केली आणि त्याला चहा मागवला. ती बॅटरी आमच्याकडेही विकली गेली नाही. फळीवर पडून पडून मेली.

पुढं बंदी उठली, थोडं सावरलो. मग ७ फेब्रुवारी २०१८ चा निकाल आला. ८८ लिजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं थांबलं. पहिल्या वेळी हंगाम सुरूच झाला नाही आणि दुसऱ्या वेळी तो ऐन मध्यावर तुटला. ट्रकवाल्यांसाठी सरकारनं साहाय्याच्या योजना काढल्या, त्या हव्याच होत्या. आमच्या वहीला मात्र त्यातलं काही लागू झालं नाही.

आणखी एक. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. २०१४ मध्ये न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. आम्ही गोदामं भाड्यानं घेतली, माल भरला, मुलं कामाला ठेवली ती पाच कोटींच्या मापानं. "ताबडतोब चालू करा" म्हणताना किती, कुठून, किती वर्षं, हे विचारायचं की नाही? मला वाटतं, बाजाराला हेच सगळ्यात आधी विचारायला हवं.

तर माझं विचारणं असं. गावच्या संघटनेनं राज्याच्या धोरणावर बोलावं का? बोलायचं तर सभासदांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येत असताना एकच भूमिका कशी मांडायची? आमसभा पुढच्या महिन्यात आहे.

काठपदर:

दादा, माझं कापडाचं दुकान खनिजाच्या रस्त्यावर आहे. तुमच्या वहीबद्दल वाचून वाईट वाटलं. माझी वही वेगळी, पण तीही त्याच साली रिकामी झाली. २०१२ च्या दिवाळीत आमच्याकडं माणसं मुलांपुरतं कापड घेऊन गेली, मोठ्यांचं काही नाही. तेव्हा खाणीमुळे बाजार चालतो हे मला कुणी शिकवायला नको.

पण ट्रक चालू होते तेव्हाचे दिवसही मी विसरलेले नाही. साडी बाहेर लावायची सोय नव्हती. फिकट रंगाचं कापड प्लास्टिकमध्येच दाखवायचं, गिऱ्हाइकानं हात लावून बघायचं म्हटलं की आधी माझा हात पुसायचा. संध्याकाळी पायरी धुतली की लाल पाणी गटारात जायचं. ओळीनं ट्रक लागले की पलीकडच्या बाजूची बाई रस्ता ओलांडून येतच नसे, ती तिकडूनच घरी जायची. शाळा सुटायच्या वेळी तर मी दुकान सोडून दारात उभी राहायची, पोरं पलीकडं जाईपर्यंत.

म्हणून म्हणते, हमरस्त्यावरचे दुकानदार खाणींच्या विरोधात आहेत असं समजू नका. शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी ट्रक नकोत, ताडपत्री घट्ट बांधलेली असावी, रस्त्यावर पाणी मारावं, आणि खनिजासाठी वेगळा रस्ता होत असेल तर त्याची तारीख लेखी द्यावी. एवढं त्या कागदावर आलं तर आमच्यासारख्यांची सही मिळेल. नाहीतर आम्ही वेगळं निवेदन देऊ, मग सरकारला दोन्ही कपाटात ठेवून द्यायला सोपं.

किनाऱ्यावरून:

बोलावं, पण घाईनं नको. आमच्या भागातल्या एका व्यावसायिक संघटनेनं विमानतळाच्या विषयावर पत्रक काढलं. उत्तरेतला नवा मोपा विमानतळ हवा की दक्षिणेतला जुना दाबोळी, यावर सभासदांची मतं हॉटेल कुठल्या तालुक्यात आहे त्यावर ठरलेली. सभा घेतलीच नाही, अध्यक्षांच्या सहीनं पत्र गेलं आणि सभासदांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळलं की आपलं मत काय आहे. त्यावर्षी निम्म्या लोकांनी वर्गणी भरली नाही. मोपाहून जानेवारी २०२३ मध्ये विमानं उडू लागली, पण ती माणसं अजून एका टेबलावर बसत नाहीत.

निवृत्त_लेखनिक:

सचिव बाब, मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलंय, म्हणून कागदाच्या बाजूनं सांगतो.

पहिल्यांदा संघटनेची घटना उघडा आणि उद्दिष्टांचं कलम वाचा. "व्यापाऱ्यांच्या हिताचं रक्षण" अशा अर्थाचं वाक्य तिथं बहुधा असतंच. ते असेल तर खाणींवर बोलणं संघटनेच्या कामातच येतं. "राजकारण" आणि "धोरण" यांत गल्लत करू नका. कुणाला मत द्या हे सांगणं राजकारण. बाजाराच्या रस्त्यावरून दिवसाला किती ट्रक जावेत हे विचारणं तुमचा हक्क. पणजीतल्या गोवा चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेची स्थापना १९०८ ची, पोर्तुगीज अमदानीतली. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन राज्यकर्त्यांपुढं गाऱ्हाणं मांडणं आपल्याकडं नवं नाही.

दुसरं, निवेदन मंत्र्याला देऊन फोटो काढला की काम झालं असं समजू नका. खाणीच्या पर्यावरण परवान्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते तिथं जा. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत तिची पद्धत घालून दिलेली आहे: निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना, खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरीत आणि पंचायत-पालिकेत बघायला ठेवणं, त्याचा सारांश स्थानिक भाषेत, सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण. तुम्ही जे बोललात ते इतिवृत्तात येतं की नाही हे तिथंच बघा. ते वाचून दाखवावं लागतं, तेव्हा उठून जाऊ नका. लोक नेमके त्याच वेळी उठून जातात. लेखी म्हणणंही द्या आणि पोच घ्या. अहवालात वाहतुकीचं प्रकरण शोधा. कुठला रस्ता, दिवसाला किती फेऱ्या, हे तिथं लिहिलेलं असतं. तुमच्या बाजाराचा रस्ता त्यात असेल तर आकडा बोट ठेवून विचारा.

तिसरं, पैशाचं. खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज निधी आला, तो खाणीची झळ बसलेल्या भागासाठी आणि माणसांसाठी आहे. शिवाय २०१४ च्या निकालानं विक्रीच्या रकमेतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. जिल्हा निधीतून तुमच्या बाजारपेठेच्या गावात काय झालं, काय मंजूर आहे, याची माहिती मागवून ती आमसभेपुढं ठेवा. माझ्या अनुभवात, हातात कागद आला की भांडणारी माणसंही जवळ सरकून बसतात.

गाळा_नंबर_सात:

मी विरुद्ध मत देतो, राग मानू नये. आमच्यासारख्या छोट्या गाळेवाल्याचे वर्षाला चार कागद असतात: परवाना, भाडं, वीज, जीएसटी. त्यासाठीच आम्ही वर्गणी देतो. खाणीवर बोलायला ट्रकवाल्यांची संघटना आहे, कामगारांची आहे, पंचायती आहेत. उद्या सत्ता बदलली आणि पालिकेत दुसरी माणसं बसली तर गाळ्याच्या करारावर त्याचा राग निघेल. सचिव म्हणून तुम्ही तो राग अंगावर घ्याल, पण भोगणार आम्ही.

सुट्याभागवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर घटना काढून वाचली. "सभासदांच्या व्यापारावर परिणाम करणाऱ्या बाबींसंबंधी शासनाकडे दाद मागणे" असं कलम आहे. टंकलेखन जुनं आहे, पण अक्षर स्पष्ट आहे.

गाळा नंबर सात, तुमची भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून ठराव कुणाच्या सहीनं नाही, मोजून मतदानानं होईल, आणि विरोधात किती मतं पडली तेही निवेदनातच लिहायचं असं मी मांडणार आहे. एकमत नसताना "एकमतानं" असं लिहिणार नाही.

ते एक पान बाजूला ठेवलंय. नवा मसुदा असा: आम्हाला खाणी हव्यात. दरवर्षी किती खनिज आणि कुठल्या मार्गानं जाणार, हे हंगामाआधी जाहीर व्हावं. काठपदर ताईंनी सांगितलेल्या वेळा आणि ताडपत्री जशीच्या तशी घातली आहे. आणि पुढं कधी काम थांबलंच तर साहाय्याच्या योजनेत ट्रकांना माल पुरवणारे दुकानदारही धरावेत. या शेवटच्या मागणीसाठी २०१२ ची किती उधारी बुडाली ते गोळा करतोय. टायरवाल्यानं आणि पेट्रोलपंपाशेजारच्या गॅरेजवाल्यानं आपले हिशेब दिले. बाबांना विचारलं, वहीतली बेरीज देऊ का. ते म्हणाले, "बेरीज दे. नावं वाचायची नाहीत."

निवृत्त लेखनिक, एकच विचारायचं राहिलं. सुनावणीत बोलताना संघटनेच्या ठरावाची प्रत जोडावी लागते, की सचिव म्हणून ओळखपत्र पुरतं?

निवृत्त_लेखनिक:

बोलायला नाव आणि गाव पुरतं. पण ठरावाची प्रत जोडाच, मतांच्या आकड्यासकट. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून परत घ्या.