जुना लॅपटॉप ३५ टक्के चार्ज असतानाच बंद पडतो : सेल गेले की मोजणी चुकते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यात राहतो. केळीच्या कापणीच्या वेळी बागेतच काटा लावून वजनांची नोंद लॅपटॉपवर करण्याचे काम माझ्याकडे असते आणि बागेत वीज नसल्यामुळे सगळी भिस्त बॅटरीवर असते. लॅपटॉप २०१५ सालचा असून बॅटरी खालून काढता येते, तिच्यावर ११.१ व्होल्ट आणि ४४०० एमएएच असे छापलेले आहे. महिनाभरापासून ३५ टक्के दिसत असतानाच, कोणतीही सूचना न देता, तो बंद पडतो. मागच्या आठवड्यात निम्म्या मालाची वजने भरून झाली होती आणि ती सेव्ह करण्याआधीच पडदा काळा झाला. पुन्हा वजन करू म्हणावे, तर माल गाडीत चढलेला होता. शेवटी शेतकऱ्याने स्वतःच्या वहीत लिहून घेतलेल्या आकड्यांवर हिशेब करावा लागला.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर लॅपटॉप दिवसभर व्यवस्थित चालतो, त्यामुळे चार्जर आणि मदरबोर्डमध्ये दोष नसावा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला, तेव्हा मूळ क्षमता ४८,८४० मिलिवॅट-तास आणि सध्याची पूर्ण क्षमता ३१,२०० दिसली. मग एकदा पूर्ण चार्ज करून, आपोआप बंद पडेपर्यंत वापरून, पुन्हा सलग चार्ज केला, तर तोच आकडा २२,६४० वर आला! एका दिवसात बॅटरी एवढी खालावते का? आणखी एक गोष्ट म्हणजे पडद्याचा उजेड कमी करून नुसते टाइप केले, तर लॅपटॉप १२ टक्क्यांपर्यंत टिकतो. मोठी एक्सेल फाइल उघडली की लगेच जातो.

हेही सांगायला हवे की पूर्ण उन्हाळाभर तो पत्र्याच्या खोलीत चार्जरला लावलेलाच असे. दुकानदार आतले सहा सेल बदलून द्यायला तयार आहेत आणि त्याला नव्या बॅटरीच्या निम्माच खर्च येईल. ते करून घ्यावे का?

प्रतिसाद (भुसावळहून) :

भाऊ, बॅटरी एका दिवसात खालावलेली नाही. आतली चिप येणारा-जाणारा विद्युतभार मोजून टक्के दाखवते आणि ती मोजणी हळूहळू चुकत जाते. आपण पूर्ण उतरवून चार्ज केल्यामुळे ती सुधारली, एवढेच. क्षमता मात्र अशा उपायाने परत येत नाही.

अचानक बंद पडण्याचे कारण आपण स्वतःच लिहिले आहे. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे जास्त काम पडताच व्होल्टेज खाली घसरते. ११.१ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे तीन संच एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतला एकही संच कमजोर असला, तरी संरक्षणासाठी पूर्ण पॅक बंद होतो, मग बाकीच्या दोन संचांत कितीही चार्ज शिल्लक असो. लिथियम-आयन सेलला पूर्ण चार्ज अवस्थेतील उष्णता सर्वांत जास्त मारक असते आणि आपल्याकडचा पारा तर मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो.

सेल बदलून घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. जुने सेल काढताना वीज तुटली की काही चिप स्वतःला कायमचे कुलूप लावून घेतात. शिवाय सेलवर थेट डाखणकाम (सोल्डरिंग) केल्यास ते तापून बिघडतात, त्यासाठी स्पॉट वेल्डिंगच लागते. नवी बॅटरी घेताना व्होल्टेज तेच असल्याची आणि उत्पादनाची तारीख अलीकडची असल्याची खात्री करा. ती वापरात नसेल, तेव्हा ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून थंड जागी ठेवा.

धागाकर्ता :

मनापासून आभार. नवीच बॅटरी घेतो. ती येईपर्यंत एक्सेलमधील ऑटोरिकव्हरची (फाइलची प्रत आपोआप जतन होण्याची) वेळ १० मिनिटांवरून १ मिनिटावर आणली आहे आणि काट्याजवळ वहीही ठेवणार आहे.