मक्याची भाकरी म्हणजे टोर्टिया नव्हे

टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली टोर्टिया, मेक्सिकोतली मक्याची पातळ पोळी. 'टाकोची टोर्टिया म्हणजे आपली मक्याची भाकरीच' असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. भाकरी दुमडली की तुटते, टोर्टिया तुटत नाही. कारण चुना. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात. याला निश्तमाल म्हणतात.

१ किलो वाळलेल्या मक्याला ३ लिटर पाणी आणि साधारण १० ग्रॅम खायचा चुना. साल बोटांनी सुटेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास शिजवायचं, ८ ते १२ तास त्याच पाण्यात ठेवायचं, मग चोळून धुवून ओलंच वाटायचं. चुना कमी पडला तर साल निघत नाही आणि पीठ चिरतं. जास्त झाला तर पिवळट, साबणासारखी चव येते. ३० ग्रॅमचा गोळा, कडक तापलेला तवा. कडा सुटल्या की उलटायची. तवा थंड असेल तर ती फुगण्याआधीच वाळते. (चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही, आणि गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, पसरला.)

टाकोचा 'अल पास्तोर' हा प्रकार मात्र अगदी अलीकडचा. विसाव्या शतकात लेबनॉनहून आलेल्यांचा शवार्मा, म्हणजे उभ्या सळईवर भाजलेलं मांस, मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात 'ताको आराबे' (अरबी टाको) झाला. पुढे मेंढीऐवजी डुक्कर, मसाल्यात सुकी मिरची आणि आचिओते (लाल रंग देणाऱ्या बिया). टाकोचं कुरकुरीत, घडी घालून तळलेलं कवच ही तर बहुतांशी अमेरिकेतली लोकप्रियता.