अंगणातल्या अंजिराची फळं पिकण्याआधीच गळतात, काय करू?

साताऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या मागच्या अंगणात अंजिराचं एकच झाड आहे. माझं माहेर पुरंदरात, सोनोरीच्या बाजूला. वडिलांची तीस झाडं होती. विहीर फेब्रुवारीतच तळ गाठायला लागली, त्यांचेही गुडघे साथ देईनात, म्हणून त्यांनी बाग काढली. काढण्याआधी करंगळीएवढ्या जाडीच्या पाच काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. त्यातली एकच जगली. तिचंच हे झाड, आता पाच वर्षांचं.

जूनमध्ये पानांच्या बेचक्यात भरपूर फळं धरतात. सुपारीएवढी होतात आणि ऑगस्टमध्ये पिवळी पडून गळतात. रोज सकाळी झाडताना सुपलीभर निघतात. दिवाळीपर्यंत चार-दोन टिकली तर ती पाणचट लागतात. पानांवर तपकिरी ठिपके, आणि पान उलटं करून बोट फिरवलं की गंजलेल्या कडीला हात लावल्यासारखी पूड बोटाला लागते. सप्टेंबर संपेपर्यंत झाड उघडं पडतं.

खतपाण्यात मी कमी करत नाही. दर महिन्याला घमेलंभर शेणखत, मूठभर युरिया, पाऊस नसला की रोज पाणी. ऊन दुपारी चारपर्यंत असतं. शेजारचे काका म्हणतात, याला नराचं झाड आणि खास माशी लागते, तुमच्याकडे फळ पिकणारच नाही, तोडून टाका. वडिलांच्या हातची काडी आहे हो. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

गच्चीवरची_बाग
तोडू नका! नर झाड आणि माशी लागते ती स्मर्ना जातीच्या अंजिराला. आपल्याकडचा पुना अंजीर परागीकरणाशिवायच फळ धरतो. काकांच्या डोक्यात बहुतेक उंबर असेल. उंबर फोडलं की आत चिलटं दिसतात, ती त्याचं परागीकरण करणारी. दोन्ही एकाच कुळातली झाडं, पण रीत वेगळी. तुमच्या गळीचं कारण दुसरं काहीतरी आहे.

बहारवाला
ताई, मी पुरंदरातल्याच गुरोळीकडचा. पंचवीस वर्षं अंजीरच करतोय. काडीत दोष नाही. झाडानं ज्या दिवसांत विश्रांती घ्यायची, त्या दिवसांत तुम्ही त्याला जेवायला घालताय.

अंजिराचे बहार दोन. पावसाळ्यात वाढून थंडीच्या तोंडाशी येतो तो खट्टा, आणि पावसाळा संपल्यावर धरून उन्हाळ्यात येतो तो मीठा. नावातच चव आहे. फळ गोड व्हायला कोरडी हवा आणि लख्ख ऊन लागतं. तुमचं झाड आपलं आपण खट्टा बहार धरतंय, आणि पावसाच्या ओल्या हवेत त्यावर तांबेरा येतोय. तांबेरा म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, ती पूड त्याचीच. पानं गेली की फळाला पोसणार कोण? वरून युरिया. त्यानं कोवळी पालवी फुटत राहते आणि तांबेऱ्याला रोज नवं ताट मिळतं.

आता मीठा बहार धरा. युरिया आजपासून बंद. सप्टेंबरभर पाणी तोडा. पाऊस चालूच राहिला तर बुंध्यापासून दोन हात लांब माती हलकी उकरून उघडी ठेवा, झाडाला ताण बसू द्या. पडलेलं प्रत्येक पान गोळा करून अंगणाबाहेर न्या. खतात घालू नका, रोग तिथेच बसून राहतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात छाटणी. मर आलेल्या आणि आत घुसलेल्या फांद्या काढा, बाकीच्यांचे शेंडे आखडून घ्या. फळ नव्या फुटीवरच येतं, त्यामुळे जीव कालवला तरी कात्री चालवा. मग लगेच १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, झाडावर फवारा. एका लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं. त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. केलेलं त्याच दिवशी संपवा.

त्यानंतर दोन घमेली कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड, आणि पाणी. पुढे पाणी बेताचं पण नेमानं. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी बादल्या ओतल्या, की फळ उकलतं किंवा गळतं. बुंध्याभोवती पाचट अंथरा. फेब्रुवारीअखेर पहिली फळं खाल.

तोडायची घाई करू नका. कच्चं अंजीर फांदीवर ताठ असतं, पिकलं की मान टाकतं. सालीवर बारीक रेघा उमटतात, डोळ्याशी, म्हणजे फळाच्या बुडाच्या भोकाशी, कधी मधासारखा थेंब येतो. तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही, झाडावर जेवढी आली तेवढीच. बुलबुल तुमच्या आधी येतील, फांदीवर जाळी टाका. आणि चीक हाताला लागू देऊ नका, उन्हात कातडी भाजल्यासारखी होते.

साताऱ्याची_सून
दादा, वाचताना घरचं कुणी बोलतंय असं वाटलं. पण वडील तर डिसेंबरातही पाट्या भरून पाठवायचे. मग त्यांना खट्टा कसा जमायचा?

बहारवाला
जमतो, पण फवाऱ्यांवर. मे-जूनमध्ये छाटायचं आणि पावसाळाभर पंप पाठीवरून उतरवायचा नाही. त्या दिवसांत माल कमी असतो, भाव मिळतो, म्हणून आम्ही करतो. शिवाय पुरंदरात पाऊस कमी, जमीन निचऱ्याची. २०१६ साली आमच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या मातीचा आणि कोरड्या हवेचा वाटा मोठा. तुमच्या एका झाडाखाली पोरं खेळणार, कपडे वाळणार. त्यावर सारखी औषधं मारू नका. एकच बहार घ्या, तो चांगला घ्या.

जाता जाता बुंधा नीट बघा. कुठे भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसतोय का?

रत्नागिरीहून
आमच्याकडच्या पावसात जमिनीतल्या झाडानं दोन वर्षांत मान टाकली. आता अर्ध्या पिंपात लावलंय, जून ते सप्टेंबर पडवीत ओढून घेते. मार्चमध्ये वीस-बावीस फळं मिळाली, पण काय चव!

साताऱ्याची_सून
दादा, तुम्ही विचारलंत म्हणून टॉर्च घेऊन बघितलं. जमिनीपासून वीतभर वर भोक आहे आणि खाली भुशाची छोटी ढिगळी. मी आजवर मुंग्यांचं काम समजून झाडून टाकत होते.

बहारवाला
भिरूड आहे, खोड पोखरणारी अळी. सायकलच्या तारेला टोकाशी आकडा करून आत घाला, अळी ओढून काढा. मग पेट्रोलचा कापसाचा बोळा कोंबून वरून शेणमातीनं लिंपा. आजच करा, पोखरत वर गेली तर फांदीच्या फांदी वाळते.

साताऱ्याची_सून
केलं. दोनदा तार वाकली, तिसऱ्यांदा अळी आली. पांढरट, माझ्या मधल्या बोटाएवढी. लिंपून झालं आहे. वडिलांना फोन करून सगळं वाचून दाखवलं. खिळ्याचं ऐकल्यावर म्हणाले, "माणूस बागेतला आहे." ऑक्टोबरात छाटणीला ते स्वतः येतायत, कात्रीला धार लावून ठेव म्हणालेत. युरियाची उरलेली पिशवी काकांना देऊन टाकली, त्यांच्या गवताला होईल.