मदत हवी आहे : पाळकसाहेबांच्या स्वीय सहायकाने त्यांचा फोन हाताळावा का?

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

मी दादरला राहतो आणि ३२ वर्षांच्या कारकुनीनंतर गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचे चर्च, जुनी असून निम्मी कुटुंबे आता कल्याण, अंबरनाथ, वसईकडे राहायला गेली आहेत, आणि या सगळ्यांना पाळक, म्हणजे धर्मगुरू, मात्र एकच. त्यांनी मला आठवड्यातून चार दिवस, प्रवासखर्च भागेल एवढ्या मानधनावर, स्वीय सहायक म्हणून काम कराल का, असे विचारले आहे. होकार देण्यापूर्वी ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

कागदपत्रांची मला धास्ती नाही. बाप्तिस्म्याचे दाखले, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवायची लग्नांची नोंदवही, घरभेटींचे वेळापत्रक, कोणी वारले तर शिवडीच्या दफनभूमीशी बोलून वेळ ठरवणे, हे सारे जमेल. सही पाळकसाहेबांचीच राहणार.

अडचण फोनची आहे. दुपारी दोन ते पाच त्यांचा मोबाइल माझ्याकडे असावा, अशी त्यांची इच्छा आहे. नाताळच्या आधी सरावासाठी मी दोन दिवस बसलो, तेव्हा मंडळीतल्या एका बाईंचा व्हॉट्सॲपवरचा निरोप पडद्यावर उमटला. दोनच ओळी दिसल्या, पण त्या त्यांच्या मुलाच्या दारूविषयी होत्या. मी फोन पालथा ठेवला. रविवारी उपासनेनंतर त्याच बाईंनी माझ्या हाती चहाचा कप दिला आणि मला त्यांच्याकडे नीट पाहता येईना. त्यांनी मन मोकळे केले होते ते पाळकांपाशी, माझ्यापाशी नव्हे.

दुसरी गोष्ट माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या तरुणाची. मुलगा मनाने चांगला होता, परंतु अंथरुणाला खिळलेल्या पत्नीला घरी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) मिळावे म्हणून आलेल्या एका आजोबांना त्याने ‘साहेब उपदेशाच्या तयारीत आहेत’ असे सांगून तीनदा परत पाठवले. चौथ्यांदा आजोबा आलेच नाहीत. पाळकसाहेबांना हे कळले तेव्हा ते स्वतः धावत गेले, पण घरच्यांच्या मनात जी अढी बसायची ती बसलीच.

या कामाचा विषय निघाला की बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय हमखास पुढे केला जातो : प्रेषितांना, म्हणजे येशूच्या शिष्यांना, प्रार्थना आणि वचनाची सेवा करता यावी म्हणून पंक्तिसेवेसाठी, म्हणजे अन्नवाटपासाठी, सात जण नेमले गेले. ते सात जण मंडळीने निवडले होते, एवढे मात्र वगळले जाते. मला पाळकसाहेबांनी एकट्याने विचारले आहे आणि मंडळीच्या समितीचे चिटणीस त्यामुळे थोडे दुखावले आहेत, ते मला रास्तच वाटते. मला स्वतःला बायबलमधल्या अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी जास्त आठवतो, ज्याने धन्याचे नाव सांगून नामान सेनापतीकडून दोन किक्कार (एक जुने वजन) रुपे आणि दोन पोशाख घेतले. मला कोणी रुपे देणार नाही. पण ‘साहेबांच्या कानावर घालतो’ म्हणणाऱ्याच्या हाती काहीतरी येतेच. त्या दोन दिवसांतच एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची तारीख लवकर मिळावी म्हणून करंज्यांचा डबा आणला. (करंज्या खाल्ल्या, हे कबूल करतो. तारीख होती तीच राहिली.)

तेव्हा कृपया अनुभवाने सांगावे. कार्यालयाचा नंबर वेगळा ठेवून पाळकांचा स्वतःचा फोन त्यांच्याच खिशात राहिला, तर त्यांच्यावरचा भार खरोखर हलका होतो का? आजार, मृत्यू किंवा घरातली मारहाण यांविषयीचा फोन कोणत्याही वेळी थेट पाळकांकडे जावा, हे तुमच्याकडे लेखी ठरले आहे का? एकट्या भेटायला येणाऱ्या स्त्रियांची वेळ पुरुष सहायकाने ठरवावी की ते काम महिला मंडळातील कोणाकडे द्यावे? आणि सहायक उत्तरदायी कोणाला, पाळकांना की समितीला?

समितीची बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. तुमच्या मंडळीत अशी नियमावली असल्यास नावे गाळून तिच्यातील कलमे शनिवारपर्यंत इथे लिहावीत, म्हणजे मला ती बैठकीत वाचून दाखवता येतील.