शाळेच्या बाँडचं पान कोणी वाचलंय का?

युनिट ११: नमस्कार सगळ्यांना. आपल्या कॅलिफोर्नियात बॅलट बहुतेकांच्या घरी आलेत, ५ नोव्हेंबर २०२४ ला इलेक्शन आहे आणि ग्रुपवर आठवडाभर फक्त प्रेसिडेंट कोण होणार हेच चाललंय. त्याच बॅलटवर पार शेवटी आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा बाँड आहे, म्हणजे शाळांच्या बिल्डिंगसाठी कर्ज काढून ते आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून फेडायची परवानगी, पण तिथपर्यंत कोणाची नजरच जात नाही. काल रात्री मुलं झोपल्यावर मी व्होटर गाईडमधला त्याचा सगळा मजकूर वाचून काढला. माझं मत 'होय' आहे. पण त्यात काय बघायचं तेही सांगायचंय म्हणून लिहितेय, मेसेज मोठे होतील, सांभाळून घ्या.

युनिट २२: अगं पण मागच्या वेळी पण आपण पास केला होता की. त्याचे पैसे अजून टॅक्सच्या बिलात भरतोय. काही वर्षं झाली की हे परत येतातच. आणि मुलं कमी होतायत म्हणे सगळीकडे, मग नवीन बिल्डिंगा कशाला हव्यात?

युनिट ४: काकांशी सहमत. माझं बिल परवाच आलंय, पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत भरायचाय. त्यात सॉल्टची, म्हणजे राज्याचे आणि प्रॉपर्टीचे टॅक्स इन्कम टॅक्समध्ये वजा करायची, यंदा २०२४ ला १० हजार डॉलरची कॅप, म्हणजे डिडक्शन पण पूर्ण मिळत नाही.

युनिट ११: काका, मुलं कमी होतायत हे खरं आहे, अख्ख्या कॅलिफोर्नियात पब्लिक शाळांमधली मुलं आता ५८ लाखांच्या आसपास आलीत, पूर्वी ६२ लाखांवर होती. पण यादी वाचा ना, त्यात नवीन शाळा जवळजवळ नाहीतच, छपरं, वायरिंग, हीटिंग आणि एसी, बाथरूम, सायन्स लॅब, आणि पोर्टेबल काढून पक्के वर्ग, असंच सगळं आहे. माझा धाकटा दुसरीत आहे आणि त्याचा वर्ग पोर्टेबलमध्ये भरतो. तुमच्यापैकी ज्यांची मुलं मोठी झाली त्यांना कदाचित आठवत पण नसेल तो प्रकार. ट्रकवर आणून ठेवलेली लाकडी खोली असते, तात्पुरती म्हणून आणलेली, आणि ती माझा मुलगा जन्मायच्या कितीतरी आधीपासून तिथेच आहे. दाराजवळची जमीन पाय ठेवला की दबते. पाऊस पडून गेला की आठ दिवस कुबट वास येतो, आणि सप्टेंबरमध्ये ऊन तापतं तेव्हा भिंतीतला एसी एवढा घरघरतो की टीचर वाचून दाखवताना तो बंद करतात आणि वाचून झालं की परत लावतात. मी व्हॉलंटियर म्हणून जाते ना, स्वतः बघितलंय. सात वर्षांची पोरं घामाने ओली होऊन गोष्ट ऐकत बसलेली असतात.

युनिट १७: माझी मुलगी पण त्याच रांगेतल्या वर्गात आहे ताई. बाथरूमसाठी पूर्ण मैदान पार करून जावं लागतं म्हणून ती दुपारनंतर पाणीच पीत नाही. मी किती वेळा बाटली भरलेली तशीच परत आलेली बघितलीय 😔

युनिट ११: हे तू आधी बोलली नाहीस कधी. पीटीएच्या मीटिंगमध्ये सांग हे नक्की.

युनिट २२: हे वाईटच आहे, वादच नाही. पण मेंटेनन्ससाठी डिस्ट्रिक्टला राज्याकडून दरवर्षी पैसे मिळतात ना, ते कुठे जातात?

युनिट ११: काका, राज्याकडून दर विद्यार्थ्यामागे जे पैसे येतात त्यातले बहुतेक पगारात आणि रोजच्या खर्चात जातात, बारीकसारीक दुरुस्ती निघते त्यातून, पण ६० वर्षांपूर्वीच्या शाळेची अख्खी इलेक्ट्रिकल लाईन बदलणं त्यातून निघत नाही. बिल्डिंगसाठी बाँड हाच इथला मुख्य रस्ता आहे. आणि उलट बाजूनेही नियम पक्का आहे, बाँडचा पैसा पगारांना वापरता येत नाही, ना टीचरच्या ना ऑफिसातल्या साहेबांच्या. २००० साली प्रॉप ३९ आला (प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव), तोपर्यंत असा बाँड पास व्हायला दोन तृतीयांश मतं लागायची, त्याने ती ५५ टक्क्यांवर आणली आणि बदल्यात अटी घातल्या. कामांची यादी आधी छापायची, दरवर्षी ऑडिट, आणि खर्चावर लक्ष ठेवायला नागरिकांची ओव्हरसाईट कमिटी.

युनिट ४: आणि टॅक्स किती वाढेल ते पण सांगा.

युनिट ११: युनिफाईड डिस्ट्रिक्ट, म्हणजे लहान मुलांच्या शाळा आणि हायस्कूल एकत्र, असेल तर एका बाँडचा अंदाजे दर असेस्ड व्हॅल्यूच्या दर १ लाख डॉलरला वर्षाला ६० डॉलरच्या वर नसावा अशी मर्यादा आहे. लक्षात घ्या, असेस्ड व्हॅल्यू म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, झिलोच्या वेबसाइटवर दिसते ती बाजारातली किंमत नाही. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे ती घर घेतलं त्या किमतीपासून वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनीच वाढते. आता काका, तुम्ही १९९८ ला ३ लाखांत घर घेतलंत असं तुम्हीच सांगितलं होतं दिवाळीला, म्हणजे आज तुमची व्हॅल्यू ५ लाखांच्या आसपास, वरच्या मर्यादेने धरलं तरी वर्षाला ३०० डॉलर. आणि युनिट ४ च्या दादांनी २०२१ ला १४ लाखांना घेतलं, ते आज १५ च्या जवळ, म्हणजे ९०० डॉलर. भिंत तीच, प्लॅन तोच, आणि तिप्पट फरक. दादांना जास्त टोचतंय त्याचं कारण हे आहे आणि मला ते अन्यायाचंच वाटतं, मी त्याला चांगलं म्हणणार नाही. आमचंही घर २०१९ चं आहे, आम्हीही त्याच बाजूला आहोत.

युनिट ४: हे असं कोणी समजावलं नव्हतं. ९०० म्हणजे महिन्याला ७५. पण ही मर्यादा आहे ना, आपला दर काय?

युनिट ११: गाईडमध्ये टॅक्स रेट स्टेटमेंट नावाचं एक पान आहे, त्यावर आपल्या बाँडचा अंदाजे दर, किती वर्षं भरायचं आणि व्याजासकट एकूण किती फेडायचं ते सगळं छापलंय, कायद्याने छापावंच लागतं. फोटो टाकतेय. तो अंदाज असतो हे पण खरं, घरांच्या किमतींवर आणि व्याजदरावर तो हलतो. मला विचाराल तर त्या पानावरचा एकूण परतफेडीचा आकडा सगळ्यात आधी बघा. त्याचं कारण सॅन डिएगोजवळचं पोवे. २०११ मध्ये तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टने साधारण १०.५ कोटी डॉलर कर्ज घेतलं, कॅपिटल ॲप्रिसिएशन बाँड म्हणतात त्या प्रकारचं, म्हणजे सुरुवातीची वीस एक वर्षं काहीच भरायचं नाही, व्याज नुसतं साचत राहतं आणि मग पुढच्या लोकांनी फेडायचं. फेडायचा आकडा जवळजवळ १०० कोटी डॉलर झाला. आज जी मुलं बेंचवर बसलीत ती मोठी होऊन ते भरणार. खूप आरडाओरडा झाल्यावर २०१३ मध्ये राज्याने कायदा केला, की अशा बाँडची परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर जाता कामा नये आणि मुदत २५ वर्षांच्या आत हवी. चौपट पण मला भयंकरच वाटते. म्हणून मी डिस्ट्रिक्टला ईमेल केलीय, की दरवर्षी व्याज भरत जायचा साधा बाँडच काढणार ना, ते लेखी सांगा. उत्तर आलं की इथे टाकते.

युनिट २२: हे चांगलं केलंस. उत्तर आल्याशिवाय मी काही ठरवत नाही. आणि आम्हा सिनियर लोकांना सूट असते ना यात? आमच्या योगाच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात ६५ च्या वर माफ आहे.

युनिट ११: नाही काका, तो पार्सल टॅक्स, म्हणजे दर प्लॉटमागे लावतात तो वेगळा टॅक्स. त्यात बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये ६५ च्या वरच्यांना अर्ज करून सूट मिळते. बाँडला अशी सूट नाही. योगाच्या ग्रुपलाही सांगा प्लीज, नाहीतर लोक माफ आहे समजून मत देतील आणि बिल आल्यावर फसवलं म्हणतील.

युनिट ४: आणि बॅलटवर तो प्रॉप २ पण शाळांचाच आहे ना? एकाला होय म्हटलं की दुसरा कशाला?

युनिट ११: प्रॉप २ राज्याचा आहे, १००० कोटी डॉलर, त्यातले ८५० कोटी शाळांना आणि बाकी कम्युनिटी कॉलेजना. पण राज्य आपला हिस्सा सहसा तेव्हाच देतं जेव्हा डिस्ट्रिक्ट स्वतःचा हिस्सा पुढे करतं. आजवर साधारण हिशोब असा होता, नवीन बांधकामाला निम्मं राज्याचं, जुन्याच्या नूतनीकरणाला ६० टक्के. पक्की बिल्डिंग २५ वर्षांची झाली की आणि पोर्टेबल २० वर्षांचा झाला की त्या पैशासाठी पात्र. म्हणजे आमचा तो कुबट वर्ग पात्र असणार, पण डिस्ट्रिक्टच्या हातात स्वतःचा पैसा नसेल तर राज्याचा पैसा दुसऱ्या गावाला जाणार. माझं 'होय' मुख्यतः ह्याच्यासाठी आहे. आणि प्रॉप ५ वेगळा, तो घरं आणि रस्ते वगैरेसाठीच्या बाँडचा आहे, त्यात घोळ करू नका.

युनिट ९: नमस्कार. मी युनिट ९ मधला आजोबा, साताऱ्याहून आलोय सहा महिन्यांसाठी. मुलाच्या फोनवरून लिहितोय. तुमची चर्चा वाचली, बरं वाटलं. मी रयतच्या शाळेत शिकलो. कर्मवीर अण्णांनी बोर्डिंग चालवलं तेव्हा धान्य संपल्यावर लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं, हे आमच्याकडे घराघरांत सांगतात. मी काही त्या पोरांमधला नाही, पण ज्या इमारतीत शिकलो ती अशाच लोकांच्या पैशातून उभी राहिलेली. इथे मत मागून, हिशोब छापून पैसे घेतात हे मला नवीन आहे. एक विचारायचं होतं, इथे भूकंप होतात, शाळा त्यासाठी धड आहेत का?

युनिट ११: आजोबा, नमस्कार 🙏 फार बरं वाटलं तुम्ही लिहिलंत. १० मार्च १९३३ ला लाँग बीचला संध्याकाळी सहाच्या जरा आधी भूकंप झाला, तिथल्या कितीतरी शाळा कोसळल्या, मुलं घरी गेली होती म्हणून वाचली. महिन्याभरात राज्याने फील्ड ॲक्ट केला, तेव्हापासून पब्लिक शाळेचा नकाशा राज्याच्या आर्किटेक्ट विभागाकडून पास करून घ्यावा लागतो आणि बांधताना इन्स्पेक्टर लागतो. त्यामुळे इथल्या शाळा साध्या बिल्डिंगपेक्षा मजबूत असतात आणि बांधायला महागही पडतात. तरी जुन्या शाळांचं मजबुतीकरण आमच्या यादीत आहेच.

युनिट १७: आणि धूर विसरू नका. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये 'कॅम्प फायर' नावाच्या वणव्याच्या धुराने बे एरियातल्या शाळा बंद ठेवल्या होत्या. पोर्टेबलचं दार बंद केलं तरी फटीतून वास येतो. चांगले फिल्टर असलेली सिस्टिम हवीच. पण मी काय बोलणार, माझा एच वन व्हिसा आहे, ग्रीन कार्डच्या लाईनीत दहा वर्षं झाली. मत नाही. घर भाड्याचं, पण भाड्यातून टॅक्स जातोच ना.

युनिट ११: हे मला सगळ्यात जास्त लागतं. आपल्या ग्रुपमध्ये बघा, पोर्टेबलमध्ये ज्यांची मुलं आहेत त्यातल्या निम्म्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांची मुलं कॉलेजात गेली. म्हणून काका मी तुमच्या मागे लागलेय. तुमचं मत तुमचंच आहे, नाही म्हणालात तरी मला राग नाही, पण ते पान रिकामं सोडू नका. आणि ताई तू मत देऊ शकत नाहीस पण बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलू शकतेस, तिथे कागद विचारत नाहीत, ब्राऊन ॲक्टमुळे मीटिंग सगळ्यांना खुली आहे. पाण्याच्या बाटलीचं जसं इथे लिहिलंस तसंच तिथे बोल, मी येते बरोबर.

युनिट १७: येईन. इंग्लिशमध्ये लिहून काढते आधी.

युनिट ४: ओके, माझं होय. पण एका अटीवर, पास झाला तर ओव्हरसाईट कमिटीत आपल्यापैकी कोणीतरी जायचं. मी कन्स्ट्रक्शनचं शेड्युलिंगच करतो रोज, मला बिलं वाचता येतात.

युनिट ११: दादा, हे झालं तर फारच छान! कमिटी कमीत कमी सात जणांची असते, त्यात पालक, सिनियर आणि टॅक्सपेयर संघटनेचा माणूस हवा, आणि डिस्ट्रिक्टचे नोकर किंवा कॉन्ट्रॅक्टर चालत नाहीत. तुमची कंपनी डिस्ट्रिक्टचं काम करत नाही ना तेवढं बघा. पगार नाही, संध्याकाळच्या मीटिंगा. काका, सिनियरची जागा पण असते हां.

युनिट २२: बघू गं, आधी ते ईमेलचं उत्तर येऊ दे. शनिवारी सकाळी क्लबहाऊसला असशील का? बॅलट घेऊन येतो, माझ्यासमोर ते टॅक्सचं पान एकदा नीट वाचून दाखव. तू टाकलेला फोटो माझ्याकडे धूसर दिसतोय.

युनिट ११: दहाला येते काका, गाईड घेऊनच.