आपली सोसायटी – फक्त कामाचे मेसेज

पटवर्धन काकू (ए-१०३): गेटजवळच्या ग्लॅडिएटर गुलाबाची चारही फुलं सकाळपासून गायब. नेणाऱ्यांनी निदान नीट कापून न्यावीत. दांडा चिरडलाय, साल खालपर्यंत सोलून आलीये. नाव घेत नाही.

सावंत (बी-४०२): कॅमेऱ्यात बघा ना

कदम, सेक्रेटरी: गेटचा कॅमेरा गणपतीपासून बंद आहे. मीटिंगमध्ये विषय ठेवला होता, कोरम नव्हता.

शेख (सी-१०१): सी विंगची टाकी सकाळपासून वाहतेय.

जोशी ताई (बी-२०१): नाव घ्या की काकू. मीच नेली. आज सुनेचं डोहाळजेवण आहे, आमंत्रण याच ग्रुपवर टाकलं होतं. मेंटेनन्स आम्हीही भरतो.

पटवर्धन काकू: डोहाळजेवणाला मनापासून शुभेच्छा 🙏 मागितली असती तर मीच कापून दिली असती. शेणखत मेंटेनन्समधून येत नाही, माझ्या पेन्शनमधून येतं.

नाईक काका (सी-३०४): फुलं कापल्याने झाड मरत नाही, उलट खाली नवी फूट येते. तीच हलकी छाटणी. फक्त जागा बघा. फुलाखालची तीन-तीनची पानं सोडा, खाली जिथे एका देठावर पाच पानं दिसतात तिथे, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फुटणाऱ्या कोंबाच्या, पाव इंच वर तिरका काप.

जोशी ताई: बघा. झाड मरत नाही.

पटवर्धन काकू: स्वयंपाकघरातल्या कात्रीने मरतं. चिरडलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते.

सावंत: कोथिंबिरीची कात्री होती का ताई 😂

जोशी ताई: तुमच्याकडे सिकेटर, झाडं छाटायची कात्री, असेल तर द्या हो सावंत. ड्रिल नेलंत त्याला दिवाळी ते दिवाळी झाली.

देसाई आजोबा (ए-२०२): 🌹 सुप्रभात 🌹 आपला दिवस गुलाबासारखा फुलो

सावंत: निदान हे तरी कोणी तोडू नका

शेख: सी विंगची टाकी वाहतेय. कोणी बघेल का?

पाटील, चेअरमन: कृपया ग्रुपचा उद्देश लक्षात ठेवा. बागेवरून वाद नको.

पटवर्धन काकू: बागेवरून तुम्ही बोलावं? भर मे महिन्यात माळ्याकडून कोयत्याने सरसकट छाटून घेतली होती. सावली गेली, फांद्या उन्हात भाजल्या, तीन झाडं गेली. कोणाच्या आदेशाने ते सगळ्यांना माहीत आहे.

पाटील, चेअरमन: आदेश नव्हता. सूचना होती.

(कदम यांनी मेसेज डिलीट केला.)

सावंत: कदम साहेब, वाचला आम्ही 😂

नाईक काका: पाच पानांच्या देठाच्या वर. बाहेरचा डोळा. आतल्या डोळ्यावर कापलंत तर फांदी झाडाच्या पोटात वाढते, हवा खेळत नाही, पानांवर पांढरी भुरी येते.

म्हात्रे (बी-३०३): पण ताई, फुलदाणीत टिकतात का ही? माझी दुसऱ्या दिवशी मान टाकतात.

जोशी ताई: पूर्ण उमललेलं नेऊ नका. बाहेरची एखादी पाकळी सुटत असते तेव्हा, पहाटे. बादली खालीच न्यायची. घरी आल्यावर पाण्यातच धरून टोक परत तिरकं कापायचं, नाहीतर दांड्यात हवा अडकते. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, पाणी रोज बदलायचं. आणि केळ्यांजवळ ठेवायची नाहीत, पिकत्या फळांनी फुलं लवकर गळतात.

पटवर्धन काकू: एवढं माहीत आहे तर दीड फुटी दांडे कशाला कापलेत? झाडाची सगळी पानं तुमच्या फुलदाणीत. खाली चांगली दोन पानं ठेवावी लागतात.

जोशी ताई: फुलदाणी उंच आहे.

नाईक काका: काकू, रागावू नका, पण त्या झाडाचा तो उंच हिरवागार फोक ग्लॅडिएटर नाहीच. कलमाच्या गाठीखालून आलाय, पानं सात-सात आहेत. ज्यावर कलम बांधलंय त्या खुंटाचा फुटवा. वरून कापू नका, मुळाशी माती सारून ओढून काढा. जोर सगळा तोच खातोय.

पटवर्धन काकू: मला माहीत आहे. मुद्दाम ठेवलाय.

सावंत: 👀

कदम, सेक्रेटरी: ठीक. पाऊस गेलाय, पुढच्या रविवारी ८ वाजता छाटणी ठेवू. नाईक काका सांगतील तसं. माळ्याला कोयता आणू नको म्हणून सांगतो.

नाईक काका: तीन-चार जोमदार फांद्या दीड फुटावर ठेवायच्या, वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या पूर्ण काढायच्या, कापांना लगेच बोर्डो पेस्ट, बुरशी शिरू नये म्हणून. दीडेक महिन्यात फुलं येतात. आणि पाच पानांच्या

सावंत: देठाच्या वर 🙏🙏

नाईक काका: तो नियम फुलं काढताना. छाटणीत फक्त डोळा बघायचा. वाचत जा.

जोशी ताई: मग त्या फुलांचं वाटप आत्ताच ठरवा. नंतर परत नाव न घेता मेसेज नकोत.

पटवर्धन काकू: पहिली देवघराला. मग मागेल त्याला. मागेल त्याला.

नाईक काका: छाटणीपर्यंत आता पाणी तोडा, वाफे कोरडे हवेत.

पटवर्धन काकू: कसं तोडणार? सी विंगच्या टाकीचं सगळं पाणी गुलाबांच्या वाफ्यातच येतंय.

शेख: सकाळपासून काय सांगतोय मी?

कदम, सेक्रेटरी: प्लंबरला लावतोय. उचलत नाही.