दंड करून काय साधणार?

काही जण म्हणतात, क्षयरुग्णाची (टीबीच्या पेशंटची) सरकारकडे नोंद न करणाऱ्या खासगी डॉक्टरांना दंड ठोका. अहो, नोंद २०१२पासून सक्तीचीच आहे! खरा घोळ औषधांच्या चिठ्ठीत. १९९१च्या धारावीतल्या पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी एकाच क्षयरोगासाठी ८० तऱ्हांची औषधयोजना लिहून दिली होती.

मुंबईत २०१४ला सुरू झालेल्या खासगी डॉक्टरांसोबतच्या प्रकल्पाने वेगळी वाट धरली. रुग्ण आपल्याच डॉक्टरकडे राहायचा. नोंद झाली की व्हाउचर मिळायचं, ते दाखवलं की ठरलेल्या केमिस्टकडे औषधं फुकट. डॉक्टरचा पेशंट तुटत नाही, म्हणून तो लपवतही नाही. सरकार आता डॉक्टरला नोंदीमागे ५०० रुपये देतं, ठीक आहे. पण गर्दीच्या दवाखान्यात ‘निक्षय’ या सरकारच्या क्षयरुग्ण-नोंदणीच्या पोर्टलवर माहिती भरायला माणूस द्या, ते जास्त उपयोगी पडेल.